काय खातो आणि केव्हा खातो : गॉर्सच्या शेंगेतील पतंगाची साक्ष



परक्या मुलखातून आलेली एखादी वनस्पती रान व्यापू लागली, की तिच्या मूळ देशी जाऊन तिला खाणारा किडा शोधायचा, तो तपासायचा आणि मग आपल्याकडे सोडायचा, या पद्धतीला जैविक नियंत्रण म्हणतात. किडा सोडण्याआधी तपासणीत मुख्य प्रश्न असतो तो एकच : हा आणखी काय काय खातो? हा प्रश्न अत्यावश्यक आहे आणि गेली काही दशके तो बऱ्याच काटेकोरपणे विचारला जातो. तरीही तो अपुरा आहे, हे आज मला मांडायचे आहे. किड्याच्या आहाराला वनस्पतीचे नाव असते, तसा महिनाही असतो. त्याची मादी अंडी घालायला निघते त्या आठवड्यात रानात काय फुललेले, काय शेंगेवर आलेले आहे, यावर पुढची पिढी कशावर वाढणार हे ठरते. प्रयोगशाळेत 'हा एकाच झाडाचा' ठरलेला किडा त्या आठवड्यात ते झाड रिकामे सापडले तर काय करील, हे प्रयोगशाळा आपणहून सांगत नाही. तिला ते मुद्दाम विचारावे लागते. न विचारल्याने काय होते, याची सर्वांत स्वच्छ साक्ष एका लहानशा पतंगाने न्यूझीलंडमध्ये दिलेली आहे. पंख पसरले तरी जेमतेम दीड सेंटिमीटर भरणारा, करड्या-तपकिरी रंगाचा हा पतंग म्हणजे सिडिया सक्सेडाना. सफरचंद पोखरणाऱ्या कुप्रसिद्ध कॉडलिंग पतंगाच्याच प्रजातीतला. न्यूझीलंडमध्ये तो १९९२ साली सोडण्यात आला, गॉर्स नावाच्या काटेरी झुडपाच्या बिया खाण्यासाठी.

गॉर्स ही पश्चिम युरोपातील वनस्पती, शास्त्रीय नाव उलेक्स युरोपियस. आपल्या तुरीच्या, हरभऱ्याच्या कुळातली, म्हणजे शेंगा धरणारी आणि मुळांवरच्या गाठींमधून हवेतला नत्र जमिनीत आणणारी. पिवळीधमक फुले आणि पानांच्या जागी काटे. इंग्रज वसाहतकऱ्यांनी ती न्यूझीलंडमध्ये हौसेने नेली, कारण मेंढ्यांना आवर घालणारे जिवंत कुंपण त्यांना हवे होते. चार्ल्स डार्विन १८३५च्या डिसेंबरात तिथल्या वायमाते येथील मिशनच्या शेतावर गेला, तेव्हा तिथे कुंपणासाठी लावलेल्या गॉर्सची त्याने नोंद केली आहे. मायदेशी हिवाळ्याच्या कडाक्याने आणि नाना प्रकारच्या किड्यांनी आटोक्यात राहणारे हे झुडूप सौम्य हवेच्या नव्या मुलखात मोकाट सुटले. डोंगरउतार, नद्यांची पात्रे, कुरणे, लावलेली पाइनची वने, काही त्याने सोडले नाही. आज सुमारे ७ लाख हेक्टर जमिनीवर ते कमीअधिक दाट पसरले असल्याचे सांगितले जाते. कापले तर बुंध्यातून फुटते. जाळले तर तेलकट काड्या भराभर पेटतात खऱ्या, पण त्याच उष्णतेने जमिनीतल्या बियांची कवचे तडकतात आणि राखेतून रोपांचा गालिचा उठतो. आणि सगळ्यात अवघड गोष्ट हीच, बियांचा साठा. वाळलेली शेंग उन्हात तडकून फुटते आणि बी काही मीटर लांब फेकते. टणक कवचाचे ते बी मातीत तीसेक वर्षे जिवंत राहू शकते. एका चौरस मीटर मातीत अशा हजारो बिया सापडतात.

मग बियाच खाणारा किडा आणावा, हा विचार सहज सुचण्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात तो ज्या कारणाने सुचला ते कारण समजून घेण्याजोगे आहे. १९२०च्या दशकात नेल्सन येथील कॉथ्रन संस्थेत गॉर्सवरच्या किड्यांचा अभ्यास सुरू झाला, तेव्हा शेतकऱ्यांचे मत दुभंगलेले होते. कुरणात शिरलेला गॉर्स नको होता, बांधावरचा हवा होता. झुडूप मारणारा किडा कुंपणालाही मारणार. म्हणून मधला मार्ग काढला गेला : झुडूप शाबूत ठेवील, फक्त त्याचा फैलाव रोखील असा, बियांवर जगणारा किडा. त्यातून १९३१ साली गॉर्सचा सोंडकिडा सोडण्यात आला. दक्षिण आफ्रिकेतही याच तर्काने ऑस्ट्रेलियन बाभळींवर बिया खाणारे सोंडकिडे आणले गेले, कारण काळ्या वॅटलची साल कातडी कमावण्याला लागते आणि लाकडाला बाजार आहे. बियाखाऊ किडा हा बहुतेक वेळा दोन हितसंबंधांमधील तह असतो. तह वाईट नसतो. पण ज्या किड्याची निवड कोणाला दुखवायचे नाही म्हणून झाली, त्याने तणाचा बीमोड करावा ही अपेक्षा पुढे हळूच त्याच्या माथी मारली गेली, आणि साठ वर्षांनी आलेल्या पतंगाच्या माथीही.

सोंडकिडा न्यूझीलंडभर पसरला, शेंगांत अंडी घालू लागला, बिया खाऊ लागला. गॉर्स मात्र हटला नाही. कारण शोधायला फार दूर जावे लागत नाही. नागपूरच्या संत्र्याचा आंबिया बहर वेगळा आणि मृग बहर वेगळा, तसे न्यूझीलंडच्या पुष्कळ भागांत गॉर्सला दोन बहर येतात, एक तिथल्या वसंतात, म्हणजे सप्टेंबर-नोव्हेंबरच्या सुमारास, आणि दुसरा शरदात-हिवाळ्यात. सोंडकिड्याची वर्षाला एकच पिढी. ती वसंतातल्या शेंगांवर वाढते. दुसऱ्या बहराच्या शेंगा त्याच्या तावडीतून साफ सुटतात. म्हणजे १९३१च्या निवडीत वनस्पती बरोबर होती, अवयव बरोबर होता, फक्त दिनदर्शिका अर्धीच वाचली गेली होती. ही चूक दुरुस्त करण्यासाठीच सिडिया सक्सेडाना निवडला गेला. त्याच्या वर्षाला दोन पिढ्या होतात. मादी शेंगांच्या आसपास एकेक अंडे घालते. अळी शेंग पोखरून आत शिरते, बिया संपल्या की बाहेर पडून दुसरी शेंग गाठते आणि पूर्ण वाढली की झुडपाखालच्या पालापाचोळ्यात कोष करते. तुरीच्या आणि हरभऱ्याच्या शेतकऱ्याला ही सवय चांगली परिचयाची आहे. त्याच्या शेतात जी पीडा, तीच इथे कामाला लावायची होती. एक पिढी वसंताच्या शेंगांवर, दुसरी नंतरच्या, असे गणित होते.

सोडण्याआधी चाचण्या झाल्या. गॉर्सच्या नात्यातल्या, न्यूझीलंडमध्ये वाढणाऱ्या वनस्पती पतंगासमोर ठेवल्या गेल्या आणि निष्कर्ष निघाला की हल्ला जवळजवळ गॉर्सपुरताच राहील. मग इंग्लंड आणि पोर्तुगाल या दोन देशांतून आणलेल्या पतंगांची वाढ करून ते सोडण्यात आले. ते रुजले, पसरले. काही वर्षांनी रानात पाहणी झाली तेव्हा याच पतंगाच्या अळ्या दुसऱ्या शेंगांत सापडू लागल्या : स्कॉच ब्रूम, माँटपेलियर ब्रूम, झाडासारखा वाढणारा पिवळा ल्युपिन, ओलसर कुरणातला लोटस. गॉर्ससारख्याच या साऱ्याही बाहेरून आलेल्या वनस्पती. तरी चाचणीचे भाकीत चुकले होते, आणि चुकले ते का, याचा शोध तिथल्याच शास्त्रज्ञांनी घेतला, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण मी मानतो. लँडकेअर रिसर्च या संस्थेतील क्वेंटिन पेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये हा शोध प्रसिद्ध केला. पहिली शंका अशी होती की आणलेल्या पतंगांत दिसायला सारखी, पण वेगळीच एखादी जात मिसळली असावी. जनुकीय तपासणीत तसा पुरावा मिळाला नाही. मात्र दोन गोष्टी पुढे आल्या. चाचण्या जवळपास सर्वस्वी इंग्लंडहून आणलेल्या पतंगांवर झाल्या होत्या, सोडले गेले ते मात्र दोन्ही देशांतले. आणि दुसरी, माझ्या मते अधिक मोलाची : पतंग उडण्याचा काळ आणि गॉर्सला शेंगा असण्याचा काळ यांचा मेळ नव्हता.

या दुसऱ्या गोष्टीवर थोडे थांबायला हवे. पतंगाच्या मूळ प्रदेशात गॉर्सच्या एकाहून अधिक जाती आहेत. उलेक्स युरोपियस वसंतात फुलतो, तर उलेक्स गॅली आणि उलेक्स मायनर या बुटक्या जाती उन्हाळ्याच्या उत्तरार्धात. वसंतातल्या शेंगांतून वाढलेली पिढी उन्हाळ्यात उडू लागते तेव्हा तिकडे तिच्यासाठी पान वाढलेले असते. न्यूझीलंडमध्ये माजलेली जात मुख्यतः एकच. तिथे उन्हाळी पिढी बाहेर पडते तेव्हा वसंताच्या शेंगा फुटून गेलेल्या असतात आणि शरदाचा बहर अजून यायचा असतो. अंड्यांनी भरलेली मादी, आयुष्य थोड्या दिवसांचे, आणि आसपास एकही हिरवी गॉर्सची शेंग नाही. अशा वेळी ती नात्यातल्या दुसऱ्या शेंगेकडे वळली तर त्यात विकृत काही नाही. आता चाचणीकडे परत पाहा. मादीसमोर गॉर्स आणि दुसरी वनस्पती शेजारी-शेजारी ठेवली तर ती गॉर्स निवडते. यावरून तिची पसंती कळते. गॉर्स नसताना ती उपाशी मरणे पसंत करील की दुसरे काही स्वीकारील, हे त्यावरून कळत नाही. पसंती आणि सहनशक्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी मोजायची तर पहिल्या पसंतीची वनस्पती समोरून काढून घ्यावी लागते. ती केव्हा काढायची, किती दिवस, हे सांगणार कोण? रानातले कॅलेंडर. म्हणजे 'केव्हा' हा प्रश्न 'काय' या प्रश्नाला जोडलेली पुरवणी म्हणून पुरत नाही. 'काय' याचे उत्तरच त्यावाचून चुकीचे येते. आणि लक्षात घ्या, याच एका विसंगतीने दोन्ही नुकसाने केली. ज्या काळात पतंगाने गॉर्सवर काम करायचे तेव्हा तो अन्य शेंगांकडे वळला, आणि ज्या दुसऱ्या बहरासाठी त्याला मुद्दाम आणले, त्याचा बराच भाग पुष्कळ ठिकाणी त्याच्या हातून निसटला. सुरक्षितता आणि परिणामकारकता हे दोन वेगवेगळे विषय आहेत अशी आपल्या प्रशासनाची समजूत असते. या उदाहरणात ते एकाच मुळाला लागलेले आहेत.

यावर पहिला आक्षेप असा की झाले तरी काय? हल्ला झालेल्या साऱ्या वनस्पती परक्या, त्यांतल्या दोन्ही ब्रूम तर स्वतःच तण. गजहब कशाला? नुकसानीचा आकडा मोठा नाही, हे मला पूर्ण मान्य आहे. पण लोटस हे आम्ल, पाणथळ जमिनीतले उपयोगी चारापीक आहे, आणि ल्युपिन किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्या बांधून धरण्यासाठी लावला गेला होता. त्याहून महत्त्वाचे म्हणजे इथे नुकसान टळले ते आपल्या तपासणीमुळे टळले नाही. न्यूझीलंडच्या देशी वनस्पतींत गॉर्सचे जवळचे नातेवाईक फारसे नाहीत म्हणून टळले. शेंगावर्गाने भरलेल्या देशात, आपल्यासारख्या, हीच चूक झाली तर भूगोल मदतीला येणार नाही. निलगिरीच्या डोंगरात गॉर्स पसरला आहेच. तिथे कोणी उद्या हा पतंग सुचवला, तर खाली मैदानात डाळींची शेते आहेत एवढे ध्यानात ठेवावे लागेल.

दुसरा आक्षेप याच्या अगदी उलट बाजूने येतो आणि तो अधिक भावनिक, म्हणून अधिक प्रभावी असतो : मग किडे सोडूच नका. एकदा सोडलेला जीव परत बोलावता येत नाही. हे खरे आहे. पण न सोडण्याचीही किंमत असते आणि ती दरवर्षी भरावी लागते, तणनाशकाच्या फवाऱ्यात, जाळपोळीत, गेलेल्या कुरणांत. आपल्याकडचेच उदाहरण घ्या. गाजर गवताची नोंद पुण्यात १९५५ साली झाली आणि काही दशकांत ते देशभर झाले. त्याने त्वचेचे आणि श्वासाचे विकार होतात, हे इथे सांगायला नको. १९८४ मध्ये बंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेने मेक्सिकोतून आणलेला झायगोग्रामा हा पाने खाणारा भुंगेरा सोडला. पुढे सूर्यफुलावर तो दिसला आणि एकच ओरड झाली. भुंगेरे सोडणे थांबवावे लागले, चौकशी झाली. तपासात दिसले की गाजर गवताचे परागकण सूर्यफुलाच्या पानांवर पडले की भुंगेरा तिथे चावे घेतो. सूर्यफुलावर त्याचा निर्वाह होत नव्हता. इथेही प्रश्न परिस्थितीचा होता : शेजारी काय वाढते आहे, आणि कोणत्या दिवसांत? भीती अनाठायी ठरली, भुंगेरा आज पावसाळ्यात ठिकठिकाणी गाजर गवत फस्त करताना दिसतो. पण पावसाळ्यातच. कोरडे महिने तो मातीत सुप्तावस्थेत काढतो, आणि कालव्याच्या कडेला, ओलिताच्या बांधावर गाजर गवत त्या महिन्यांतही फुलत राहते. किडा निर्दोष, पण अर्ध्या वर्षाचा. हे दोष म्हणून मी सांगत नाही. हे आधी माहीत असले तर उरलेल्या अर्ध्या वर्षाची तजवीज करता येते, आणि माहीत नसले की 'भुंगेरा फसला' असे म्हणून लोक मोकळे होतात.

तिसरा आक्षेप शास्त्रज्ञांमधलाच आहे. बिया खाऊन काय होणार? झाड लाखो बिया टाकते, रुजतात त्यांतल्या मूठभर. निम्म्या खाल्ल्या तरी उरलेल्या पुरेशा. हा आक्षेप वजनदार आहे, आणि गॉर्सच्या बाबतीत बऱ्याच अंशी बरोबरही. मार्क रीस आणि रिचर्ड हिल यांनी २००१ मध्ये गॉर्सच्या संख्येचे गणिती प्रतिरूप मांडले. त्यातून दिसते की बियाखाऊ किड्याचा परिणाम रानात किती वेळा उलथापालथ होते, म्हणजे वणवा, नांगरणी, तोडणी किती वेळा होते, आणि उगवलेल्या रोपांपैकी किती वाचतात यावर अवलंबून असतो. जिथे जुनी झुडपे वरचेवर जातात आणि रोपांना गवताची स्पर्धा असते, तिथे बी हीच अडवण्याची जागा होते. जिथे जुनी जाळी वर्षानुवर्षे तशीच उभी आहे, तिथे बिया खाल्ल्या काय आणि न खाल्ल्या काय. याला दक्षिण आफ्रिकेतल्या हाकियाची जोड देऊन पाहा. ऑस्ट्रेलियातून आलेले हे झुडूप आपल्या बिया जमिनीवर टाकत नाही. लाकडासारख्या कठीण फळांत, प्रत्येकात दोन पंखधारी बिया, वर्षांची बेगमी झाडावरच बंद ठेवते आणि आग लागून झाड मेले की एकदम सोडते. तिथे कोवळी हिरवी फळे खाणारा सोंडकिडा आणि पक्व फळे पोखरणारा कार्पोसिना ऑटोलोगा हा पतंग, अशी जोडी सोडण्यात आली. हाकियाची सगळी पुंजी फांदीवर आहे, म्हणून पुढच्या वणव्यापर्यंत पतंगाला ती पोखरायला वर्षे मिळतात. गॉर्सची पुंजी मातीत आहे, पतंग तिथे पोहोचतच नाही. तो फक्त नवी भर अडवू शकतो. दोन्ही पतंग बियाच खातात. तरीही एकाच्या हाती खजिना आहे आणि दुसऱ्याच्या हाती रोजची आवक, आणि ती आवक वर्षातले काही महिने त्याच्या गैरहजेरीत होते. म्हणून बियाखाऊ किडा चांगला की वाईट, असा सरसकट वाद मला निरर्थक वाटतो.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत विचार करायला लावतो. न्यूझीलंडच्या बँक्स द्वीपकल्पावर हिनेवाई नावाचे राखीव रान आहे. १९८७ पासून वनस्पतिशास्त्रज्ञ ह्यू विल्सन यांच्या देखरेखीखाली तिथे गॉर्सला हात न लावण्याचे धोरण चालले. गॉर्सच्या सावलीत माहोए आणि इतर देशी झाडांची रोपे उगवतात, वाढून गॉर्सच्या वर जातात, आणि उन्हाविना गॉर्स मरतो. शेजारच्या शेतकऱ्यांनी आधी टीका केली, पुढे रान उभे राहिलेले सर्वांनी पाहिले. मग पतंग, फवारे, सारे व्यर्थ का? हिनेवाईत पाऊस पुरेसा आहे, जवळ देशी झाडांचे बी आहे, आणि काही दशके थांबण्याची मालकाची तयारी आहे. कोरड्या मुलखात, वणव्याच्या पट्ट्यात, किंवा मेंढ्यांवर पोट असलेल्या कुरणात या तिन्ही गोष्टी नसतात. पण हिनेवाईचे यश माझ्या म्हणण्याच्या विरोधात जात नाही. तिथेही निर्णय वेळेच्या हिशेबावर उभा आहे. सावली धरणारे झाड किती वर्षांत वर येईल, तोवर आग लागेल का, हा तो हिशेब. आणि अशा जागी पतंग उपद्रव करत नाही, उलट जुना गॉर्स मरत असताना मातीतल्या साठ्यात पडणारी भर थोडी कमी करतो.

व्यवहारात याचा अर्थ काय, हे सांगायला हवे, नाहीतर हे सारे न्यूझीलंडपुरते राहील. परदेशी किडा आणण्याचा प्रस्ताव येतो तेव्हा त्यासोबत खाद्यवनस्पतींची यादी असते. त्याच कागदावर बारा महिन्यांचा तक्ता असावा : तण कोणत्या महिन्यात फुलते, फळते, कोरडे पडते, जिल्हावार. त्याच महिन्यांत किड्याची कोणती अवस्था असेल. आणि जिथे जिथे किडा हजर आणि तण गैरहजर अशी फट दिसेल, तिथे नात्यातली कोणती पिके, कोणती देशी झाडे त्या दिवसांत शेंगेवर किंवा फुलावर असतात. चाचणी त्या फटीसाठी करावी, तण समोर न ठेवता. जो किडा तपासला, त्याच गावचा किडा सोडावा. दुसऱ्या प्रदेशातून आणायचा तर चाचण्या पुन्हा कराव्यात. खर्च वाढेल, दोन-तीन वर्षे लागतील, हे मला ठाऊक आहे. गॉर्सच्या पतंगाने ही किंमत आधीच वसूल केली आहे, फक्त ती दुसऱ्या देशाने भरली. आपल्याकडे घाणेरीसाठी हवाईहून फळात वाढणारी माशी १९२१ मध्ये आणली गेली, आणि शंभर वर्षे उलटून गेली तरी सह्याद्रीच्या उतारांवर घाणेरी आहे तशीच आहे. ओलावा मिळेल तिथे ती जवळजवळ बारमाही फुलते-फळते. त्या माशीने घाणेरीच्या वर्षातले कोणते महिने अडवले आणि कोणते मोकळे सोडले, हे तालुक्या-तालुक्यातून मोजण्याचे काम कोणत्याही नव्या किड्याच्या आयातीआधी व्हायला हवे. ते काम महाविद्यालयांतल्या वनस्पतिशास्त्राच्या विभागांना, एक भिंग आणि एक वही घेऊन, येत्या पावसाळ्यापासून सुरू करता येईल.